जुन्या आकड्याचं निशाण

वडील पलटणीत लढाईवर गेले तेव्हा मी चार वर्षांची होते. त्यांचा चेहरा मला आठवत नाही आणि फोटो कुणी काढलेला नव्हता. घरात त्यांची म्हणून एकच वस्तू राहिली होती, खांद्यावर लावायचा पलटणीचा पितळी आकडा. शेवटच्या सुट्टीला आले तेव्हा कोटावरून तो निखळला आणि निघायच्या गडबडीत घरीच राहिला. तीन इंग्रजी आकडे होते ते. शाळेत जाण्याआधी मला इंग्रजीतले तेवढे तीनच आकडे ओळखता यायचे. आई दर अमावास्येला चिंच लावून तो घासायची आणि कागदपत्रांच्या डब्यात परत ठेवायची.

त्याच डब्यात सरकारी कागद होता. पहिलं महायुद्ध संपल्यावर आलेला. तलाठ्यानं तो वाचून दाखवला होता: मेसोपोटेमियात शत्रूच्या कैदेत असताना बेपत्ता, मृत समजण्यात यावे. आईनं तो पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाली, "मेला असं लिव्हलेलं नाय. मेला असं समजा, असं लिव्हलंय. मी का म्हणून समजू?"

आणि तिनं तसं समजून घेतलं नाही. कपाळाचं कुंकू तसंच राहिलं, हातातल्या बांगड्या तशाच राहिल्या. काही कैदी लढाईनंतर दोन-दोन वर्षांनी घरी परतले होते, सिन्नरकडच्या एका गावात तर एकजण आपल्या तेराव्याचं जेवण उरकल्यावर दारात येऊन उभा राहिला होता, अशा गोष्टी तिनं जमवून ठेवल्या होत्या. गावात लोक बोलायला लागले तेव्हा ती मला घेऊन नाशिकला आली आणि मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगात भाकऱ्या भाजायला लागली. त्यामुळे मला शाळा मिळाली. मी भरतकाम शिकले आणि पुढे त्याच शाळेत शिवणाची शिक्षिका झाले.

नाशिकला आल्यावर आईनं कचेरीबाहेरच्या एका लेखनिकाकडून फौजेला पत्र लिहून घेतलं. पलटणीचा आकडा घालून विचारलं, आमच्या माणसाची काही खबर आहे का. बऱ्याच महिन्यांनी उत्तर आलं की या क्रमांकाची पलटण आता अस्तित्वात नाही. दुसरी कुणी असती तर तिथं खचली असती. आईला उलट बळ आलं. ती म्हणायची, "हजार माणसांची आख्खी पलटण ज्यांना सापडंना, त्यांना एक माणूस कुठं गेला ते काय ठाऊक असणार?"

बारा वर्षं झाली तेव्हा गावाहून काका आले. हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट पाहायची आणि मग पळसाच्या पानांचा देह करून त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत आहे. काका चांगले होते, तिच्या भल्यासाठीच सांगत होते. "वहिनी, त्याच्या जिवाला गती मिळायला पाहिजे," असं म्हणाले. आईनं त्यांच्यापुढे ताट वाढून ठेवलं आणि म्हणाली, "भावजी, जेवा. आन् जित्या माणसाला जाळायचं पुन्ना बोलू नका."

मला तेव्हा तिचा अभिमान वाटला होता. पुढे तोच अभिमान जड व्हायला लागला. वस्तीतल्या बायका हळदीकुंकवाला तिला बोलवावं की नाही अशा पेचात पडायच्या. वटपौर्णिमेला ती कुणी यायच्या आत पहाटेच वडाला सूत गुंडाळून यायची. आणि माझं लग्न. मुलांच्या शाळेतले एक मास्तर मला मागणी घालून होते. सरळ, मितभाषी माणूस. आईला ते पसंत होते. पण कन्यादान वडिलांच्याच हातून व्हायचं, एवढी एक गोष्ट ती सोडत नव्हती. "येतील तवा होईल," असं म्हणायची. मास्तर तीन वर्षं थांबले होते. मला तेवीस उलटून गेली होती. त्या काळी ते फार होतं.

चौतीस-पस्तीस साल असावं. आमच्या शाळेत मुलींच्या कामाचं प्रदर्शन भरलं, ते पाहायला देवळालीच्या छावणीतली एक मडम आली होती. तिच्या नवऱ्याच्या हाताखाली हिंदी पायदळाची एक पलटण नुकतीच देवळालीला आली होती. माझं जरीचं काम तिनं बराच वेळ उलटसुलट करून पाहिलं आणि मोठ्या बाईंना विचारलं, पलटणीचं जुनं निशाण फार जीर्ण झालंय, या मुलीला ते सांधता येईल का? नवं विलायतेहून यायला वेळ होता आणि त्याआधी कसलीतरी मोठी परेड होती.

नाताळच्या सुट्टीत मी शाळेच्या आयाला सोबत घेऊन सर्व्हिस मोटारीनं देवळालीला जायला लागले. निशाण पहाऱ्याच्या खोलीबाहेर न्यायचं नाही, असा नियम होता. म्हणून त्या खोलीतच खिडकीपाशी एक लांब टेबल मांडलं होतं. दाराशी बंदूकवाला शिपाई आणि माझ्यासमोर खुर्चीवर एक वयस्क सुभेदार. मिशा पांढऱ्या, पाठ ताठ. मी पहिल्यांदा आत गेले तेव्हा ते म्हणाले, "बाई, हात धुवून या. आन् ह्याला कापड समजू नका. ह्याच्यापायी माणसं मेल्यात."

त्यांनी निशाण उलगडलं. रेशीम इतकं विरलं होतं की उचलताना त्याचे धागे हवेत तरंगायचे. वर मुकुट, खाली एक छोटा बुरूज, दोन्हींच्या भोवती पानांची माळ आणि दोन्ही बाजूंना पट्ट्यांवर लढायांची नावं. माळेच्या मधोमध, काळवंडलेल्या जरीत, तीन आकडे होते. माझ्या डब्यातले.

मी टेबलाची कड धरली. सुभेदारांना वाटलं, मी कामाला घाबरले.

"हा आकडा," मी म्हटलं, "ही पलटण तर बंद झाली ना?"

"कोण म्हणतं बंद झाली? मी काय भूत हाय?" ते हसले. मग त्यांनी समजावून सांगितलं. लढाईनंतर सरकारनं सगळ्या पायदळाची नव्यानं मांडणी केली. पाच-सहा जुन्या पलटणी एका रेजिमेंटीत बांधल्या, जुने आकडे काढून घेतले, नवे दिले. टोपीवरचं आणि खांद्यावरचं चिन्ह बदललं. निशाण तेवढं जुनंच राहिलं, कारण निशाण झिजेपर्यंत बदलत नाहीत. "आकडा बदलला त्या दिवशी जुनं पितळ गोळा करून घेतलं. लय जणांनी एखादा लपवून ठेवला. माझ्याकडं हाय अजून."

मी कामाला लागले. पहिले दोन दिवस मी फक्त विरलेल्या रेशमाखाली बारीक जाळीचं कापड घालून टाके घेत होते. येवल्याहून जरीची तार मागवली होती, पण नवी तार जुन्या जरीशेजारी फार चमकत होती, तेव्हा ती चहाच्या पाण्यात बुडवून मंद करावी लागली. सुभेदार बसून पाहायचे आणि हळूहळू बोलायला लागायचे. ते साताऱ्याकडचे होते. बुरुजाची हकीकत त्यांनी सांगितली. शंभर-सव्वाशे वर्षांमागं पलटणीनं एक डोंगरी किल्ला घेतला, त्याची ती खूण.

"कुणाचा किल्ला?" मी विचारलं.

"आपल्याच लोकांचा," ते म्हणाले. निशाणाची कड सरळ करत पुढं म्हणाले, "ते कुणी इचारत न्हाई."

उजव्या पट्ट्यांवर मेसोपोटेमियातल्या गावांची नावं होती. ती मी एकेक अक्षर करून पुन्हा भरत होते. या नावांपैकी एखाद्या ठिकाणी वडील चालले असतील, जेवले असतील, असं मनात यायचं आणि टाका वाकडा जायचा. तो उसवून पुन्हा घालायचा. पाचव्या दिवशी मला राहवलं नाही. सुई बाजूला ठेवून मी म्हटलं, "सुभेदारसाहेब, माझे वडील याच पलटणीत होते. कैदेत बेपत्ता झाले." आणि वडिलांचं नाव, गावाचं नाव सांगितलं.

ते उठले, खिडकीशी गेले, पाठ करून उभे राहिले. दारातल्या शिपायानं आमच्याकडे पाहिलं.

"आज काम पुरे करा," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा ते आधीच येऊन बसले होते. दाढी केलेली नव्हती. मी निशाण उलगडण्याआधीच त्यांनी सांगायला सुरुवात केली. वेढ्यात अडकून पलटण महिनोन् महिने उपाशी राहिली. घोडी कापून खायची वेळ आली आणि शेवटी शस्त्रं खाली ठेवावी लागली. मग कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं. वडील आणि ते एकाच कंपनीतले, वडील चार-पाच वर्षांनी मोठे. दोघांत मिळून एक घोंगडी होती. वडिलांचा पाय सुजला होता. बूट केव्हाच गेले होते, पायाला चिंध्या गुंडाळल्या होत्या.

"एके दिवशी दुपारी ते खाली बसले. जो बसायचा त्याला पहारेकरी तिथंच टाकायचे, सगळ्यास्नी ठाऊक होतं. मी हात धरून ओढलं. म्हणाले, तू चल, मी जरा बसतो, मागनं येतो. घोंगडी मला दिली." सुभेदारांनी निशाणाच्या घडीवर हात ठेवला. "मी एकदा मागं वळून बघितलं. बसलेलेच होते. त्यांनी हात वर केला. पुढं उतार होता, मग दिसले न्हाईत."

मी विचारलं, "मग तुम्ही हे का नाही कळवलंत?"

"सुटून आल्यावर साहेबानं शपथेवर इचारलं. मेलेला पाहिलास का? मी म्हटलं, न्हाई. मागं राहिला. त्यानं ‘बेपत्ता’ लिहिलं. मी मेलेला पाहिला न्हाई, तर मेला कसं सांगू, बाई? खरं तेच सांगितलं."

त्यांचं खरं बोलणं आणि आईची अठरा वर्षं. मी त्यांना आईबद्दल सांगितलं. कुंकू, पहाटेची वटपूजा, परत पाठवलेले काका, सगळं. ते ऐकताना त्यांचे हात गुडघ्यांवर घट्ट मिटलेले होते. शेवटी म्हणाले, "मी येतो. वहिनींना भेटतो. त्यांचे पाय धरतो."

आणि तेव्हा मी ते बोलले. आजही मला ती खोली दिसते, टेबलावरचं निशाण दिसतं, आणि माझाच आवाज कुणा परक्या बाईचा असावा तसा ऐकू येतो. मी म्हटलं, "याल तर सांगा, ते तुमच्यासमोर गेले. बसलेले सोडून आलो असं सांगितलंत तर ती म्हणेल, म्हणजे शेवटचे पाहिले तेव्हा जिवंत होते. मग ती मरेपर्यंत थांबेल."

"खोटं सांगू?"

"हो."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी हे केवळ आईसाठी बोलत होते का? त्या क्षणी माझ्या मनात मास्तर होते, हे मी लपवणार नाही. तीन वर्षं थांबलेला माणूस चौथं वर्ष थांबेल की नाही, हेही होतं.

पुढच्या रविवारी सुभेदार आमच्या खोलीवर आले. गणवेशात नव्हते, धोतर, कोट आणि फेटा. आईला मी फक्त एवढंच सांगितलं होतं की बाबांच्या पलटणीतले एक सुभेदार भेटलेत. तिनं नवं लुगडं नेसलं होतं. तिला वाटलं असेल, खबर घेऊन येतायत. ते पाटावर बसल्या बसल्या तिनं विचारलं, "कुठल्या पलटणीचे म्हनायचे तुमी?"

त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि त्यात बांधलेला पितळी आकडा तिच्यापुढे ठेवला. आईनं तो हातात घेतला, बोटानं चाचपला. मग पदर सावरून म्हणाली, "सांगा."

त्यांनी सांगितलं. तापानं गेले. "माझ्या मांडीवर डोकं होतं," म्हणाले.

"पानी मिळालं का त्यांना?"

"मिळालं वहिनी. माझ्या हातानं पाजलं."

"काय बोलले?"

इथं सुभेदार अडखळले. ते आम्ही ठरवलेलं नव्हतं. मग म्हणाले, "तू चल म्हणाले. मी मागनं येतो."

आईनं मान हलवली. "असंच बोलायचे. बाजाराला निघालो तरी असंच." मग तिनं विचारलं, अग्नी दिला का. त्यांनी सांगितलं, तिथं लाकूड नव्हतं, वाळूत ठेवलं. आई रडली नाही. तिनं चहा केला, त्यांना आग्रहानं दोन वेळा दिला आणि ते निघाले तेव्हा दारापर्यंत गेली. सुभेदारांनी खाली वाकून तिच्या पायांना हात लावला. एवढा मानाचा माणूस पाया पडतोय म्हणून ती दचकून मागं सरली.

ते गेल्यावर ती मला म्हणाली, "कडी लाव." मी कडी लावली. तिनं पदराच्या टोकानं कपाळ पुसलं. एकदा पुसून गेलं नाही, अठरा-वीस वर्षांचा डाग होता तो, मग पाणी लावून पुसलं. आणि उंबऱ्यावर बसून वरवंट्यानं एकेक बांगडी फोडली. जोरात नाही, शेंग फोडावी तशी. मी पुढं झाले तर म्हणाली, "काच लागंल. लांब हो."

काकांना पत्र गेलं. ते आले आणि नाशिकलाच गंगेवर विधी झाला. भटजींनी पळसाच्या पानांचा देह मांडला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. आई वरच्या पायऱ्यांवर, बायका बसतात तिथं माझ्याशेजारी बसली होती. काका अग्नी द्यायला वाकले तेव्हा ती माझ्या कानाशी म्हणाली, "केवढासा केलाय. एवढे बुटके नव्हते ते." तेवढं एकदाच तिला हुंदका आला.

निशाणाचं काम मी पुरं केलं. शेवटच्या दिवशी मडमनं कौतुक केलं, साहेबानं हात मिळवला. सुभेदार त्या दिवशी आले नव्हते. दुसरा कुणी जमादार खुर्चीवर होता. मी पट्ट्यांवरची नावं पुन्हा एकदा वाचून काढली. जिंकलेल्या सगळ्या जागा होत्या. ज्या वाटेवर माझे वडील बसले ती वाट त्यात नव्हती, कैदेची नावं निशाणावर लिहीत नाहीत. उन्हाळ्याच्या आत पलटण सरहद्दीकडे निघून गेली.

वैशाखात माझं लग्न झालं. कन्यादान काका-काकूंनी केलं. आणि तिथं मला प्रथम कळलं, मी काय केलं ते. माझ्या हळदीला आई हात लावू शकली नाही. अंतरपाट धरला तेव्हा ती मंडपात नव्हती, आतल्या खोलीच्या दाराआड उभी होती. काही महिन्यांपूर्वीपर्यंत ती सवाष्ण होती. लोक काहीही बोलोत, ती माझ्याशेजारी उभी राहिली असती, कुणाच्या बापाला भ्याली नसती. मंगलाष्टकं चालू असताना मला दाराच्या फटीतून तिच्या लुगड्याचा काठ दिसत होता.

नंतर ती माझ्याकडे राहायला आली. मास्तरांनीच आग्रह केला. ती कामाला कमी पडायची नाही, बोलायचीही. पण पूर्वी पोस्टमनची चाहूल लागली की हातातली भाकरी तव्यावर टाकून उठायची, ते थांबलं. कुणी दार वाजवलं तरी तिथूनच विचारायची, कोण हाय. जेवण कमी होत गेलं. वैद्यांनी पोटाचं निदान केलं, डॉक्टरांनी रक्ताचं. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत ती अंथरुणाला लागली.

तिला खरं सांगायचं असं मी कितीदा ठरवलं. एकदा दुपारी ती सुपात तांदूळ निवडत होती, तेवढी शक्ती अजून होती. मी जवळ बसले. म्हटलं, "आई, ते सुभेदार आले होते ना..."

ती सुपातून मान न काढता म्हणाली, "भला मानूस. लय जड गेलं त्याला बोलाया."

तिला कळलं होतं की नव्हतं, हे मी तेव्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं उत्तर दिलं असतं, ती तशी होती. मीच उठून चूल पेटवायला गेले. श्रावण संपायच्या आत ती गेली.

मी सुभेदारांना पत्र लिहिलं, पलटणीच्या नव्या आकड्यावर. उत्तर आलं नाही. ते पोचलं की नाही, ते तेव्हा पेन्शनीत गेले होते की काय, मला कधी समजलं नाही. मास्तरांना मी खरी गोष्ट कधी सांगितली नाही. आमचा संसार चांगला झाला. तुमचे आजोबा सोबत्याच्या मांडीवर डोकं ठेवून, पाणी पिऊन गेले, असं मास्तर आमच्या मुलांना शेवटपर्यंत सांगत राहिले. मी दर वेळी उठून आत जायचे.